दोन चुलींचं औषध

मंडईच्या, म्हणजे गावच्या जत्रेच्या, दिवशी घरात एकच चूल पेटायची. हा नियम लक्ष्मणरावांचा. पाहुण्यानं आपल्या घरात दोन धूर पाहू नयेत, असं ते म्हणायचे. ते १९७७ च्या उन्हाळ्यात वारले, तेरवी झाली, आणि महिना उलटायच्या आत दोन्ही सुनांनी भांडी वाटून घेतली. थोरली कुंता जुन्या स्वयंपाकघरात राहिली. धाकट्या तुळसानं मागच्या पडवीत नवी चूल मांडली. सासूचं काय, हा प्रश्न तेव्हा सोपा वाटला होता. मंगलाबाई सकाळी थोरलीकडे जेवतील, संध्याकाळी धाकटीकडे.

१९७८ ची मंडई दिवाळीनंतरच्या शनिवारी आली. त्या दिवशी कोंढा गावात घरोघर पाहुणे येतात. रस्त्यावर दुकानं लागतात, दुपारी दंडारीचा नाच होतो, रात्री नाटक. सकाळीच तुळसा आपली परात आणि झारा घेऊन न बोलता कुंताच्या चुलीपाशी येऊन बसली. दोघी एकाच कढईत वडे तळू लागल्या. दीड वर्षाचा अबोला मात्र त्यांनी मोडला नाही. काही सांगायचंच झालं तर मध्ये तिसरं माणूस लागायचं. त्या दिवशी ते काम नणंदेकडे आलं.

"चंद्राबाई, त्याईले सांगा, तेल लय तापलं."

"चंद्राबाई, त्याईले सांगा, मले दिसते."

चंद्रकांता पीठ मळत होती. "मी लाखांदूरवरून दोन बसा बदलून आली ते तुमचं टपाल वाटाले काय व?"

दोघी हसल्या, पण वेगवेगळ्या दिशेला बघून.

चंद्रकांता मंडईसाठी आलेली नव्हती. धाकट्या भावाचा, तेजरामचा, निरोप आला होता: आईला रविवारी नागपूरला नेतो, वेड्यांच्या दवाखान्यात, आधी येऊन भेट. निरोप वाचून तिनं नवऱ्याला रजा टाकायला लावली आणि दोघं आदल्या संध्याकाळी पोचली. आईला पाहिल्यावर निरोपात काही वाढवून लिहिलेलं नव्हतं, हे तिला कबूल करावं लागलं. नवरा गेल्यानंतर रात्र-रात्र जागणारी, दोन्ही सुनांना आणि गल्लीला ऐकू जाईल अशी भांडणारी बाई मागच्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. पोळ्याच्या आधीपासून ती अशीच बसून होती. मागच्या आठवड्यात थोरल्या भावाला, ताराचंदला, ती शेतातल्या बोडीत, म्हणजे तळ्यात, सापडली, कमरेइतक्या पाण्यात उभी. काय करतेस म्हणून विचारलं तर म्हणाली, "पाणी थंड हाय काय, पाहून राहिली."

*

ओसरीवर चार पुरुष बसले होते. मधोमध केशवराव, लक्ष्मणरावांचे धाकटे भाऊ. त्यांचा कारध्याला धानाचा व्यापार होता आणि भाऊ गेल्यापासून या घरातल्या मोठ्या गोष्टी त्यांना विचारून होत. एका बाजूला दोन पुतणे: शेती पाहणारा ताराचंद आणि पवनीच्या शाळेत मास्तर असलेला तेजराम. थोडं दूर, खांबाला टेकून, जावई सुखराम, चंद्रकांताचा नवरा.

"उद्या सकाळची पहिली बस," केशवराव म्हणाले. "तेजराम, तुह्या ओळखीचा मास्तर हाय ना नागपूरले?"

"हाय काकाजी. त्याच्याच घरी उतरू. तो दवाखान्यात घेऊन जाईन."

"अन् त्याईनं ठेवून घेतलं तं?"

"ठेवूनच घ्याले पायजे," ताराचंद म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही. "धान कापणीले आलं. मी धान कापू का बोडीवर पहारा देऊ?"

केशवरावांनी तळहातावर तंबाखू मळायला घेतला. बाहेर दंडारीवाल्यांचा ढोल सुरू झाला होता. लग्न होऊन या घरात आल्यापासून वहिनी त्यांच्यावर ओरडत आली होती: वहाणा घेऊन आत आले म्हणून, जेवायला उशीर केला म्हणून, व्यापारात भावाला विचारत नाही म्हणून. काल त्यांनीच धीर करून विचारलं होतं, "वहिनी, नागपूरले जाता काय?" तिनं "जाऊ" म्हटलं. त्या एका शब्दानं त्यांना जेवढी भीती वाटली तेवढी बोडीच्या गोष्टीनं वाटली नव्हती. त्यांचा निर्णय खरा तिथं झाला होता.

"आजचा दिवस तिनं बाहेर येऊ नोये," ते म्हणाले. "गावचे, परगावचे लोक येतील. लवकर दवाई द्या अन् निजवा."

ताराचंद उठून आत गेला आणि कुंताला तसं सांगून आला. थोड्या वेळानं तेजराम उठला आणि त्यानं तेच तुळसाला सांगितलं. कोणती दवाई, असं दोघांनीही विचारलं नाही. चुली वेगळ्या झाल्या तेव्हा भावांनी आपसांत एक ठरवलं होतं: दुसऱ्याच्या चुलीतलं आपण विचारायचं नाही. त्यामुळे दोघांत आजवर भांडण झालेलं नव्हतं.

*

मागच्या खोलीत चंद्रकांता आईच्या केसांतून फणी फिरवत होती. मंगलाबाईंचे हात मांडीवर होते आणि बोटं बारीक थरथरत होती. नाक चोंदलं होतं, त्या तोंडानं श्वास घेत होत्या.

"आई, उद्या नागपूरले न्यायचं म्हणतेत."

"हो."

"तुले जावंसं वाटते?"

"वाटत नाई."

"म्हणजे जायचं नाई?"

मंगलाबाईंनी थोडा विचार केला. "तसंही वाटत नाई."

त्यांना खरोखर शोधूनही काही सापडत नव्हतं. लेक आली हे कळत होतं, फणी लागते हे कळत होतं. बाहेरचा ढोल ऐकू येत होता, पण दुसऱ्या गावात वाजत असल्यासारखा. आपण पाण्यात का गेलो, हे त्या स्वतःला अनेकदा विचारून चुकल्या होत्या. मरायचं म्हणून गेलो नव्हतो. पाण्यात आणि बाहेर काही फरक उरला आहे का, एवढंच पाहायचं होतं. हे कोणाला सांगता येण्यासारखं नव्हतं, आणि सांगायची इच्छाही नव्हती.

कुंता एका हातात पाण्याचा पेला आणि दुसऱ्या हातात कागदाची पुडी घेऊन आली. तिच्या मागोमाग तुळसा दुधाची वाटी घेऊन आली. दोघी उंबऱ्यावर एकदमच थांबल्या.

"चंद्राबाई, त्याईले सांगा, जरा थांबा म्हणाव. मी पहिले गोळी देते."

"कायची गोळी?" तुळसानं थेट विचारलं, आणि मग लक्षात आल्यावर नणंदेकडे पाहिलं. "विचारा ना त्याईले."

"बीपीची," कुंता भिंतीला सांगावं तसं म्हणाली. "पवनीच्या डॉक्टरनं देल्ली. आखाडीपासून रोज सकाळी देते. आज सकाळी घाईत राहिली. आताच द्या म्हणाले. त्याईच्या दुधात काय हाय?"

"मुळी. माह्या बापानं देल्ली, झोप लागाले. रोज संध्याकाळी देते."

"कवापासून?"

"मिरगापासून."

चंद्रकांतानं फणी खाली ठेवली. मृग म्हणजे जून. आखाडी म्हणजे जुलै. पोळ्याच्या आधी, ऑगस्टमध्ये, आई बसली ती उठली नाही. तिनं आधी पुडी घेतली, मग वाटी घेतली आणि दोन्ही कोनाड्यात ठेवली.

"आज काहीच द्यायचं नाई," ती म्हणाली. "वहिनी, ते मुळीचं डब्बं घेऊन या. अन् याईले आवाज द्या."

सुखराम वनखात्याच्या डेपोत कारकून होता. त्यानं डबा उघडून वास घेतला. चूर्णाखाली दोन-तीन अख्खे तुकडे होते. एक मोडून त्यानं जिभेला लावला आणि लगेच बाहेर जाऊन थुंकला.

"सर्पगंधा. आमच्या डेपोत पोत्यानं येते. जंगलातले लोक पागलबुटी म्हणतेत."

"पागल करते?" कुंतानं विचारलं.

"पागलाले देतेत. लय भडकलेलं माणूस शांत होते म्हणून." तो पुडीतल्या गोळ्यांकडे पाहत होता. "ठेकेदाराचा माणूस सांगे, कंपनीवाले ही मुळी बीपीच्या गोळ्या कराले नेतेत. आता ह्या गोळ्या त्याच का, ते काही मले सांगता येत नाई. गोळ्या तं बऱ्याच कायच्या असतेत."

"कोणाले सांगता येईन?"

"ज्यानं देल्या त्याले."

*

"म्हणजे तुमचं म्हणणं काय जवाईबापू," केशवराव म्हणाले, "वहिनीचं मन मुळीनं बिघडलं? माहा भाऊ गेला म्हणून नाई?"

"मी तसं म्हणून नाई राहिलो काकाजी. विचारून घ्या म्हणतो."

"मन म्हणजे वांग्याची भाजी हाय काय? जसा मसाला टाकन तशी होईन?"

"सकाळी चहा नाई भेटला तं तुम्ही कोणाकोणावर ओरडता?"

तेजरामला हसू आलं, ते त्यानं दाबलं. केशवरावांनी तंबाखूची डबी बंद केली. समोर जावई असल्यानं त्यांना उलट बोलता येत नव्हतं.

"उद्या तसंही पवनीवरूनच जायचं हाय," ताराचंद म्हणाला. "तिथं विचारू डॉक्टरले."

"उद्या इतवार," चंद्रकांता दारातून म्हणाली. "दवाखाना बंद असते. आजच गेलं पायजे. अन् दादा, एकडाव आईले नागपूरच्या बसमधी बसवल्यावर कोण उतरवन? तू उतरवशीन?"

ताराचंदनं खाली पाहिलं. त्याला आईला घालवायचं नव्हतं. पण बोडीत उतरून तिला बाहेर काढताना ती त्याच्या हाताला इतकी हलकी लागली होती की त्यानंतर त्याची झोप उडाली होती. कोणीतरी, कुठंतरी, तिच्यावर लक्ष ठेवावं, एवढंच त्याला हवं होतं.

"मंडईच्या दिवशी घरचा माणूस घर सोडून जाईन काय?" केशवराव म्हणाले. "पाहुणे येऊन राहिले. लोक काय म्हणतील?"

हे बरोबर होतं. मंडईच्या दिवशी घरधन्यानं गावाबाहेर जाणं म्हणजे पाहुण्यांचा अपमान. तेव्हा स्वयंपाकघरातून कुंता बाहेर आली. तिनं हात धुतलेले होते.

"मी जाते," ती म्हणाली. "गोळ्या मीच आणत होती. डॉक्टर मले ओळखतेत."

"अन् चूल?"

"चंद्राबाई आहेत ना."

तिच्या मागून तुळसा बाहेर आली. चुलतसासऱ्यासमोर ती सहसा बोलत नसे. "मामाजी, मले बी जावं लागन," ती म्हणाली. "मुळी माही हाय."

*

सगळं जग कोंढ्याकडे येत होतं, त्यामुळे पवनीकडे जाणारी बस रिकामी होती. तरी दोघी एकाच बाकावर बसल्या. कंडक्टर तिकिटं फाडून गेला. मध्ये आता तिसरं माणूस नव्हतं.

"तू रोज देत होती?" शेवटी कुंतानं विचारलं.

"रोज."

"बापानं रोज द्याले सांगतलं होतं?"

"हप्ताभर. मंग थांबव म्हणे."

"मंग?"

तुळसानं डब्याचं झाकण दाबून पाहिलं. "त्या झोपाले लागल्या. रातभर माह्या दारात उभ्या राहून बोलत होत्या बाई, तुम्हाले ऐकू येत असन. त्या झोपल्या तं मी झोपली. मले वाटलं, चांगलंच हाय."

कुंता खिडकीबाहेर पाहत होती. धान पिवळं झालं होतं. जावेला दोन शब्द सुनावावेत एवढा राग तिच्याकडे शिल्लक होता, पण तो तिनं तिथं वापरला नाही.

"तुमच्याकडं सकाळी काही बोलत होत्या का?" तुळसानं विचारलं.

"मिरगानंतर कमी झालं. गोळी सुरू केली अन् बंदच झालं. भाजीत मीठ नाई, हे बी म्हणत नव्हत्या."

"तुम्हाले कसं वाटे?"

"पहिले पहिले बरं वाटलं," कुंता म्हणाली.

दवाखान्यात शनिवारची गर्दी होती. डॉक्टर वर्ध्याकडचे, उतारवयाचे, बोलायला कोरडे. त्यांनी चूर्ण बोटावर घेऊन पाहिलं, डब्यातला तुकडा उजेडात धरला आणि दोघींना बसायला सांगितलं.

"नाक चोंदलेलं असतं?"

"हो जी. आम्हाले सर्दी वाटली."

"हात थरथरतात? भूक नाही? रात्री वाईट स्वप्नं पडतात?"

"स्वप्नाचं काही सांगत नाईत," कुंता म्हणाली. "काहीच सांगत नाईत."

डॉक्टरांनी पुडीतली गोळी डब्याशेजारी ठेवली. "हे आणि ते एकच आहे. या मुळीतलं औषध काढून ही गोळी करतात. रक्तदाब उतरतो, म्हणून मी दिली. तेव्हा मी विचारलं होतं, आणखी काही देता का?"

"विचारलं होतं जी. मी नाई म्हटलं."

"का?"

"माह्या चुलीवर दुसरं काही देत नव्हती."

डॉक्टरांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग तुळसाकडे. त्यांना बहुधा अशा घरांची सवय होती. त्यांनी पुढं विचारलं नाही.

"असं समजा," ते म्हणाले, "माणसाच्या मेंदूत काही द्रव्यं साठवलेली असतात. उठावंसं वाटणं, बोलावंसं वाटणं, खावंसं वाटणं, हे सगळं त्यांच्या जोरावर चालतं. तुमच्या घरी धान साठवायची ढोली असते ना? ही मुळी त्या ढोलीला खालून भोक पाडते. ज्याचं डोकं फार भडकलंय, त्याला थोडे दिवस त्याचा उपयोग होतो. पण महिनोन् महिने, आणि दोन्हीकडून, म्हणजे ढोलीत काही राहतच नाही. काही लोकांना तर एकट्या गोळीनंही असं होतं."

"म्हणजे मुळी वाईट हाय?" तुळसानं विचारलं.

"मुळी वाईट नाही. तुमच्या वडिलांनी आठवडाच सांगितला असेल."

मोहाच्या दारूनं शांत माणूस भांडायला उठतो आणि भांडखोर माणूस रडतो, हे तुळसानं जंगलाकाठच्या माहेरी लहानपणापासून पाहिलं होतं. तेव्हा तिला त्याचं नवल वाटलं नव्हतं. पण दारू पिणाऱ्याला आपण प्यालो हे माहीत असतं. दुधाच्या वाटीत काय आहे, हे सासूनं कधी विचारलं नव्हतं आणि तिनं सांगितलं नव्हतं.

"भरते का जी ती ढोली पुन्हा?" कुंतानं विचारलं.

"भरते. दोन्ही बंद करा. बीपीची वेगळी गोळी देतो, ती एकीनंच द्यायची. लगेच काही दिसणार नाही, काही आठवडे जातील. तोवर एकटं सोडू नका, पाण्याजवळ तर अजिबात नाही. आणि सगळं ठीक होईलच असं मी लिहून देत नाही. नवरा गेलाय त्यांचा. ते औषधानं झालेलं नाही."

*

केशवरावांनी सगळं ऐकून घेतलं. ओसरीवरचे पाहुणे नाटकाला निघून गेले होते. चंद्रकांतानं सगळ्यांना जेवू घातलं होतं आणि भात थोडा कच्चा राहिला होता, हे कोणी बोललं नव्हतं.

"मळणी होईस्तोवर," ते शेवटी म्हणाले. "तोवर थांबतो. मळणी झाली का मी येईन. फरक नसन तं नागपूर. मंग कोणी आडवं यायचं नाई."

"पाहीन कोण तिले?" ताराचंदनं विचारलं. "मी शेतात, हा शाळेत."

"दिवसा मी," कुंता म्हणाली. "रातच्यानं तुळसा."

हे त्यांनी बसमध्ये ठरवलं होतं. तेजरामनं बायकोकडे पाहिलं. आपल्या घरात आपल्याला न विचारता काही ठरलं, हे त्याला तिथं पहिल्यांदा कळलं. त्याला वाईट वाटलं नाही, पण थोडं अवघडल्यासारखं झालं.

तुळसा मागच्या खोलीत गेली. सासूच्या समोर खाली बसून तिनं सांगितलं, की दुधात मुळी होती, आपण घालत होतो, आता घालणार नाही. मंगलाबाईंनी ऐकलं. "बरं," त्या म्हणाल्या.

पहिले काही आठवडे खरंच काही दिसलं नाही. कुंता त्यांना धरून अंगणात आणायची, उन्हात बसवायची, परत न्यायची. मग एकदा त्यांनी मिरचीचा वास आला म्हणून तोंड वळवलं. एकदा शेजारच्या गाईला कोणी चारा टाकला नाही का, असं विचारलं. एक दिवस भाजीत मीठ कमी आहे म्हणाल्या, आणि कुंतानं ती गोष्ट संध्याकाळपर्यंत घरातल्या प्रत्येकाला सांगितली.

त्यानंतर आवाज आला. एके संध्याकाळी दूध उतू गेलं. मंगलाबाई खोलीतून बाहेर आल्या आणि तुळसाला बोलू लागल्या: दूध कसं तापवतात हे तुझ्या मायनं शिकवलं नाही काय, डोळे कुठं होते, या घरात एक वस्तू धड राहत नाही. बोलणं थांबेना. गल्लीतल्या दोन बाया दारात येऊन उभ्या राहिल्या. तुळसा चुलीशी बसून ऐकत होती. फळीवर मुळीचा तो डबा अजून होता. डॉक्टरकडून परत आणला तसा तिनं तो तिथंच ठेवला होता आणि टाकून द्यायचं रोज उद्यावर ढकललं होतं. तिनं हात वर करून तो खाली काढला. झाकण उघडलं नाही. तसाच हातात घेऊन ती पुढच्या स्वयंपाकघरात गेली.

"बाई, हे तुमच्याकडं घ्या. माह्या हातापाशी नोको."

कुंतानं तिच्या तोंडाकडे पाहिलं, डबा घेतला, मागं जाऊन खताच्या खड्ड्यात तो पालथा केला आणि वर फावड्यानं माती ओढली. तोवर मंगलाबाईंचं बोलणं चालूच होतं.

चंद्रकांता मधूनमधून यायची. एकदा दुपारी आईनं तिला जवळ बसवलं.

"त्या दोघी म्हणतेत, मी बिमार नव्हती. मुळीनं झालं."

"हो आई. डॉक्टर बी तेच म्हणाले."

"सगळंच मुळीनं?"

चंद्रकांताला प्रश्न कळायला वेळ लागला.

"तुह्ये बाबूजी गेले," मंगलाबाई म्हणाल्या. "मी बसून राहिली. मले वाटे, मी त्याईच्यासाठी बसली हाय. लोक बी तसंच म्हणत. आता हे म्हणतेत, तुह्या डोक्यातलं काही सरलं होतं म्हणून बसली. मंग त्याईच्यासाठी मी काय केलं? मुळीचं कोणतं अन् माहं कोणतं, हे कोण सांगन मले?"

डॉक्टरांना विचारू, असं लेक म्हणाली, पण डॉक्टरांनाही ते सांगता येणार नाही, हे दोघींना माहीत होतं.

*

मळणी संपली त्या आठवड्यात केशवराव आले. बसमधून उतरून ते गल्लीत शिरले तेव्हाच त्यांना आवाज ऐकू आला. बाई मोठ्यानं रडत होती. ते घराशी पोचेपर्यंत अंगणाबाहेर माणसं जमली होती. अंगणात नव्या धानाची रास होती, आणि राशीशेजारी सूप बाजूला पडलेलं. मंगलाबाई जमिनीवर बसल्या होत्या. धान पाखडता पाखडता त्यांना काय झालं, हे कोणालाच कळलं नव्हतं. त्या डोकं हलवत होत्या, मातीवर हात आपटत होत्या आणि नवऱ्याला विचारत होत्या, की तुम्ही न सांगता काहून गेले.

तेजरामनं सायकल बाहेर काढली होती. "पुन्हा सुरू झालं काकाजी," तो म्हणाला. "मी डॉक्टरले घेऊन येतो."

कुंतानं सायकलचं हँडल धरलं. "कुठं जाता? ठेवा ती."

"वहिनी, पाहून नाई राहिल्या काय?"

"पाहून राहिली. रडू द्या त्याईले."

केशवराव दोघांच्या मध्ये उभे राहिले. त्यांना हे अवघड जात होतं. येताना त्यांनी मनाशी दोन गोष्टी ठरवल्या होत्या: वहिनी गप्प असेल तर नागपूर, बोलत असेल तर परत कारधा. आता समोर जे होतं ते त्या दोन्हींत बसत नव्हतं. त्यांनी तुळसाला विचारलं, कारण ती जवळ उभी होती. "हे चांगलं लक्षण हाय का वाईट, पोरी?"

"मले नाई माहीत मामाजी," तुळसा म्हणाली. "पण ह्यात आमचं काही नाई. सकाळपासून त्याईनं चहा घेतला अन् बीपीची एक गोळी. दुसरं काही देल्लं नाई. हे त्याईचंच हाय."

मंगलाबाईंनी दिराचा आवाज ऐकला. त्यांनी पदरानं तोंड पुसलं, वर पाहिलं, आणि रडण्यातच, पण स्पष्ट म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्या भावाले जाऊन दीड वर्ष झालं. मी आज रडून राहिली. मले नेऊ नका. मी रडते तोवर थांबा."

एवढं बोलून त्या पुन्हा रडू लागल्या.

बाहेरच्या माणसांपैकी कोणीतरी हसलं किंवा खोकललं. ताराचंद पुढं गेला आणि त्यानं माणसांना आपापल्या घरी जायला सांगितलं. तेजरामनं सायकल भिंतीला टेकवली. कुंता आणि तुळसा सासूच्या दोन्ही बाजूंना जाऊन बसल्या, हात न लावता.

केशवरावांनी अंगणाच्या कडेला वहाणा काढल्या. राशीपासून थोडं अंतर ठेवून ते जमिनीवर बसले आणि त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. दुपारची बस गेली तेव्हा तिचा हॉर्न अंगणात ऐकू आला. ते उठले नाहीत.